‘राजा हरिश्चंद्र’वरचा विकिपीडिया लेख: मसुदा तपासून द्याल का?

चुकारपेन
मंडळी, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा मराठी विकिपीडियावरचा लेख वाढवायला घेतलाय. मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) तयार आहे, पण मुख्य लेखात टाकायचा धीर होत नाही. पहिल्या ओळीत ‘पहिला भारतीय चित्रपट’ लिहिलंय, पण दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी लागला होता. चित्रपटाची लांबी कुठे ४० मिनिटं मिळते, कुठे तासभर. माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तक्त्यात) भाषा काय लिहू? कथानक मात्र मस्त जमलंय, चार परिच्छेद झालेत. संदर्भ म्हणून ३ मेच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या वर्धापनदिनाच्या, सुमारास वर्तमानपत्रांत येणारे लेख चालतील ना?

जुनी रिळं
कथानक एका परिच्छेदात बसवा. हरिश्चंद्राची गोष्ट कळावी म्हणून कोणी या लेखावर येत नाही. वाचलेली जागा निर्मितीला द्या, खरा मजकूर तिथे आहे.

‘पुंडलिक’चा निवाडा तुम्ही करू नका. सुरुवातीला ‘पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथाचित्रपट मानला जातो’ एवढंच ठेवा आणि खाली वादासाठी वेगळा विभाग करा. ‘पुंडलिक’ आधी आला यात वाद नाही. आक्षेप असे की ते नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा इंग्रज माणसाच्या हातात होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. कोणता आक्षेप कोणी घेतला ते नावानिशी लिहा. ‘काहींच्या मते’ म्हटलंत की कोणीतरी ‘कोणाच्या?’ असा सूचनेचा साचा चिकटवणार, आणि बरोबरच करणार.

आता लांबी, माझा आवडता विषय. संदर्भग्रंथांत ३,७०० फूट, चार रिळं असं मिळतं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटींनी चालवली तर साधारण ६२ मिनिटं, बोलपटाच्या २४च्या वेगाने ४१. दोन्ही आकडे एकाच फिल्मचे! म्हणून मूकपटाची लांबी आधी फुटांत द्यायची आणि मिनिटं दिलीच तर वेगासकट.

मिसळीतला लिंबू
वा! मग ती प्रसिद्ध जाहिरात? ‘५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यात’?

जुनी रिळं
करा हिशेब. ५७,००० भागिले १६, साधारण ३,५६० फूट. म्हणजे छायाचित्रांचा आकडा बऱ्यापैकी खरा. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट, ती शुद्ध जाहिरातबाजी. ;) पण हा हिशेब लेखात घालू नका, ‘मूळ संशोधन’ (स्रोताशिवाय स्वतः काढलेला निष्कर्ष) म्हणून उडवतील. लेखाच्या चर्चा पानावर टाका.

ठाकुरद्वार नाका
तारखाही तपासा. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, ३ मेला कोरोनेशन थिएटरात सर्वांसाठी लागला. दोन्ही द्या, पण ‘प्रदर्शन’ म्हणून ३ मेच.

भाषेच्या रकान्यात सरळ ‘मराठी’ लिहा. फाळके मराठी, बहुतेक मंडळी मराठी. आपणच नाही म्हटलं तर कोण म्हणणार?

जुनी रिळं
असहमत. मूकपट आहे हो. टिकलेल्या रिळांवरच्या पाट्या (दृश्यांच्या मध्ये येणारा मजकूर) इंग्रजी आणि हिंदीत आहेत. रकान्यात ‘मूकपट’, पाट्यांची भाषा मजकुरात. मराठी माणसांचं श्रेय निर्मितीच्या विभागात मोकळ्या मनाने द्या, तिथे ते पुराव्यासकट उभं राहतं.

वर्तमानपत्रांबद्दल: ३ मेचे बरेचसे लेख एकमेकांवरून उतरवलेले असतात, काही तर विकिपीडियावरूनच. तोच लेख तुम्ही संदर्भ म्हणून लावलात की आपलंच वाक्य आपल्यालाच साक्षीदार. त्यापेक्षा जया दडकरांचं फाळक्यांवरचं पुस्तक घ्या. इंग्रजीत राजाध्यक्ष आणि विलेमन यांचा भारतीय चित्रपटाचा कोश आहे. स्वतः फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लेख लिहिले, ते वाचाच. मात्र ते ‘फाळके लिहितात की’ अशाच रूपात वापरा. स्वतःच्या चित्रपटाच्या थोरवीला निर्मातेच साक्षीला, असं नको.

चुकारपेन
भाषेचं पटलं. अजून एक. तारामती झालेल्या अण्णा साळुंक्यांचं दृश्य टाकायचंय. प्रताधिकाराची (कॉपीराइटची) अडचण येईल का?

मिसळीतला लिंबू
नाही. भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. १९१३ चा चित्रपट केव्हाच मोकळा झालाय.

जुनी रिळं
प्रताधिकाराचं ठीक, चित्राखालची ओळ जपून लिहा. मूळ चित्रपट पूर्ण उरलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीसुद्धा १९१७ च्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची, म्हणजे फाळक्यांनी तोच विषय पुन्हा केला त्याची, असं काही अभ्यासक मानतात. तेव्हा ‘१९१३ च्या चित्रपटातील दृश्य’ असं ठोकून देऊ नका. ‘संग्रहालयातील रिळांमधील दृश्य’ म्हणा आणि हा वाद मजकुरात संदर्भासकट मांडा. माझ्या मते लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हाच, आणि तुमच्या मसुद्यात तो नाहीच.

ठाकुरद्वार नाका
मसुदा एका फटक्यात चढवू नका. विभागागणिक बदल करा, बदलाच्या सारांशात कारण लिहा. कोणाला एखादा भाग खटकला तर तेवढाच उलटवता येतो, सगळं काम वाहून जात नाही. भाषेच्या रकान्याबद्दल चर्चा पानावर मी माझं म्हणणं मांडणार आहेच. :)

चुकारपेन
मांडा की. लांबी आणि तारखा आजच टाकते. रिळांचा परिच्छेद दडकरांचं पुस्तक हातात आल्यावर.