मदत हवी आहे: चॅटबॉट पब्लिश झाला, पण सुपरवायझरला उत्तर मिळेना. परवाना कमी पडतोय की परवानगी?

टॉवेलकर: नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅली, सगळं माझ्याच गळ्यात. आता मालकांना एचआरचा चॅटबॉट हवाय. रजेचे नियम, पाळ्यांचं वेळापत्रक, पीएफचा फॉर्म कुठे मिळतो, या एवढ्यासाठी एचआरच्या मॅडमचा फोन दिवसभर खणखणतो.

मायक्रोसॉफ्ट कोपायलट स्टुडिओत (चॅटबॉट बनवायचं साधन) बॉट बनवला, शेअरपॉइंटवरचं (कंपनीच्या फाइली ऑनलाइन ठेवायची जागा) एचआरचं फोल्डर जोडलं. ट्रायल परवान्यावर पब्लिश होईना, म्हणून व्हेंडरकडून अझ्युर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) सबस्क्रिप्शन जोडून पे-अ‍ॅज-यू-गो, म्हणजे वापर तेवढं बिल, करून घेतलं. मग पब्लिश झाला. पण टीम्समध्ये (ऑफिसचं चॅट अ‍ॅप) शोधलं तर फक्त मला सापडतो. शेडच्या सुपरवायझरला लिंक पाठवली, त्याने विचारलं, ‘दिवाळीच्या सुट्ट्या कधीपासून?’ बॉट म्हणतो, माहिती सापडली नाही. तोच प्रश्न मी विचारला की तारखा येतात आणि खाली फाइलचं नावसुद्धा!

व्हेंडरचं म्हणणं, सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटचा (वर्ड-एक्सेलमधला एआय मदतनीस) परवाना घ्या. ग्लोबल अ‍ॅडमिन, म्हणजे सगळे हक्क असलेलं लॉगिन, त्याच्याच हातात आहे. घ्यावा का?

मागा_ते_माऊस: थांबा, एक रुपयाही देऊ नका. परवान्याची अडचण पब्लिश झालं तेव्हाच मिटली. आता जे आहे ते परवानगीचं.

बॉट शेअरपॉइंट वाचतो तो प्रश्न विचारणाऱ्याच्या लॉगिनने, तुमच्या नाही. टेस्ट पेनमध्ये (बॉट बनवताना तपासायची खिडकी) तुम्ही असता आणि तुम्हाला सगळं फोल्डर उघडं आहे, म्हणून तिथे झकास चालतं. सुपरवायझरच्या लॉगिनने सुट्ट्यांची फाइल थेट उघडून बघा. ‘अ‍ॅक्सेस मागा’ असं आलं, तर रोग सापडला.

टॉवेलकर: तेच आलं ओ! मग अख्खं फोल्डर सगळ्यांना उघडून देऊ?

मागा_ते_माऊस: अजिबात नको. त्याच फोल्डरमध्ये पगारपत्रकं असणार. उद्या कुणीतरी शेजारच्याचा पगार विचारेल आणि बॉट इमानदारीत सांगेल. सुट्ट्या, रजा, पाळ्या यांची वेगळी साइट करा, तिथे सगळ्यांना फक्त वाचण्याचा हक्क द्या आणि बॉटला तीच जोडा.

बॉट शेअर करताना सिक्युरिटी ग्रुप (हक्क देण्यासाठी केलेला माणसांचा गट) वापरा. नुसता मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप टाकला तर तो घेत नाही, त्याला सिक्युरिटी लावलेली असावी लागते. आणि शेडमध्ये एकाच लॉगिनवर दहाजण बसत असतील तर तेही आधी निस्तरा.

सिद्धेश्वर_पेठ: टीम्समध्ये न सापडण्याचं कारण वेगळं. संस्थेच्या अ‍ॅप यादीत यायचं असेल तर कोपायलट स्टुडिओच्या टीम्स चॅनेलमधून ‘अ‍ॅडमिनच्या मंजुरीसाठी पाठवा’ करावं लागतं. ती विनंती टीम्स अ‍ॅडमिन सेंटरच्या ‘मॅनेज अ‍ॅप्स’मध्ये जाऊन पडते. तुमच्या व्हेंडरने ते पान उघडलंच नसेल. टीम्सच्या कडेला पिन करून हवा असेल तर सेटअप पॉलिसीसुद्धा त्यालाच लावायला सांगा.

हिशेबी: मालक पैशाचं विचारणारच, म्हणून लिहितो. बॉटचा वापर क्रेडिटमध्ये मोजतात. पॅक घेतला तर महिन्याला २०० डॉलर, त्यात २५,००० क्रेडिट. पे-अ‍ॅज-यू-गो म्हणजे क्रेडिटला १ सेंट. ठरवून लिहिलेलं उत्तर १ क्रेडिट, एआयने तयार केलेलं २.

धरा ४० माणसं, रोज ३ प्रश्न, २६ दिवस. ३,१२० प्रश्न, ६,२४० क्रेडिट, म्हणजे ६२ डॉलरच्या आसपास. पॅकची गरजच नाही. पण टेनंट ग्राफ ग्राउंडिंग (कंपनीच्या फाइलींमध्ये जास्त खोल शोध) चालू असेल तर त्याचे प्रत्येक उत्तरामागे आणखी १० लागतात. मग तेच बिल ३७४ डॉलरवर जातं. ते बटण आधी बघा, बाकी नंतर.

टॉवेलकर: बटण बंदच होतं, वाचलो. वेगळी साइट केली, ग्रुप लावला. सुपरवायझरला आता तारखा दिसतात. त्याचा पुढचा प्रश्न लगेच, ‘बोनस किती?’ त्यावर बॉट गप्प, ते बरंच आहे.

मंजुरीची विनंती पाठवलीय, व्हेंडरला दोनदा आठवण केली. एकच विचारतो: दरवर्षी सुट्ट्यांची यादी बदलेल, तेव्हा पुन्हा त्याच्या पाया पडायचं का?

सिद्धेश्वर_पेठ: नाही. शेअरपॉइंटवरची फाइल बदलली तर काहीच करायचं नाही. बॉटच्या आतलं काही बदललंत तर पब्लिश दाबा, झालं. नाव किंवा आयकॉन बदलायचं असेल तर मात्र परत मंजुरी. त्यामुळे मालकांना नाव काय हवंय ते आजच विचारून घ्या.