नवीन रुग्णालयाचा नकाशा: सिंगल रूम, विखुरलेली नर्सिंग स्टेशन्स, साथीसाठी बदलता येणारा वॉर्ड. आत्ताच काय पक्कं करायचं?

रेषा:
चार मजले, मजल्यावर ३० खाटा, अशा रुग्णालयाचा नकाशा चालू आहे. मागण्या हल्ली सगळीकडे असतात त्याच: सगळ्या खोल्या सिंगल, एका मोठ्या नर्सिंग स्टेशनऐवजी खोल्यांजवळ छोटी छोटी, बाहेरची झाडं दिसतील अशा खिडक्या, आणि साथ आली तर अख्खा वॉर्ड आयसोलेशनला वापरता यावा. स्लॅब पडल्यावर बदलता येणार नाही ते आधी ठरवायचं आहे. अडलंय तीन ठिकाणी. टॉयलेट कॉरिडॉरच्या बाजूला घ्यावं की बाहेरच्या भिंतीला? हवेचा दाब हवा तसा उलटा करता येणाऱ्या (म्हणजे हवा कधी आत ओढणाऱ्या, कधी बाहेर ढकलणाऱ्या) खोल्या कराव्यात का? आणि हात धुण्याची बेसिनं किती, कुठे?

कोनाडा:
टॉयलेट बाहेरच्या भिंतीला नेलं तर कॉरिडॉरमधून रुग्ण दिसतो, पण खिडकी निम्मी होते. कॉरिडॉरकडे घेतलं तर खिडकी पूर्ण मिळते, नर्सची नजर अडते. दोन खोल्यांच्या मधे घेतलं तर दोन्ही साधतं, पण इमारत लांबते आणि चालणं वाढतं. तरी माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे टॉयलेटचं दार खाटेच्या उशाकडच्या भिंतीत आहे का. तसं असेल तर रुग्ण खाटेवरून उठल्यापासून भिंतीवरचा कठडा धरून दारापर्यंत जातो. समोरच्या भिंतीत असेल तर मधली मोकळी जमीन आधाराशिवाय ओलांडावी लागते, आणि रात्री रुग्ण बरेचदा पडतात ते तिथेच.

दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे रुग्ण कोसळला तर दार ढकलताच येत नाही. शॉवरला उंबरठा नको, त्यासाठी त्या भागातला स्लॅब ५० ते ७५ मिमी खाली घ्या. हे स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये राहून गेलं की उतार काढायला जागा उरत नाही आणि शेवटी उंबरठा येतोच. पार्टिशन जिप्समचं असेल तर कठड्यामागे जाड प्लाय आधीच बसवून घ्या.

खिडकीबद्दल: रॉजर उल्रिच यांचा १९८४ चा अभ्यास सगळे सांगतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर झाडं दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पण हे झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांतून बघा. त्याची नजर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असते. सिल (खिडकीची खालची कड) ९० सेंमीवर ठेवली तर त्याला बहुतेक आकाशच दिसतं. ६० सेंमीवर आणा, आणि मान न वळवता खिडकी दिसेल अशी खाट लावा.

विखुरलेल्या स्टेशनबद्दल एवढंच, की टेबल विखुरलं पण चादरी, सलाइन, सिरिंजा एकाच स्टोअरमध्ये राहिल्या तर नर्सचं चालणं तेवढंच राहतं. सामानही सोबत विखुरा. आणि एक सामायिक जागा ठेवाच. नवख्या नर्सला शंका विचारायला जवळ कुणी नसणं, हा या रचनेचा खरा तोटा आहे.

झोत:
दाब उलटा करता येणारी खोली करू नका. सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) २००३ च्या मार्गदर्शनातच अशा खोल्या टाळायला सांगितलं आहे. स्विच कोणत्या बाजूला आहे हे चुकतं, डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) अडकतो, आणि क्षयरोगाच्या रुग्णाची हवा कॉरिडॉरमध्ये येते. कायम निगेटिव्ह, म्हणजे कॉरिडॉरची हवा आत ओढणाऱ्या, खोल्या वेगळ्या ठेवा.

हिशोब असा: ४ × ४.५ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे साधारण ४९ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर एक्झॉस्ट (बाहेर खेचायची हवा) तासाला साधारण ६०० घनमीटर. आत येणारी हवा त्याहून १५० ते २०० ने कमी ठेवा. खोली आणि कॉरिडॉर यांच्या दाबात किमान २.५ पास्कलचा फरक लागतो. हवा १२ वेळा बदलली तर हवेतले ९९ टक्के कण २३ मिनिटांत निघतात, ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटं लागतात. पुढचा रुग्ण कधी घ्यायचा ते यावर ठरतं.

दाब टिकत नाही तेव्हा दोष बहुधा पंख्याचा नसतो, टाइलच्या फॉल्स सीलिंगचा असतो. प्रत्येक फटीतून हवा आत ओढली जाते. सलग जिप्सम सीलिंग करा, पाइप आणि केबलची भोकं सीलंटने बुजवा. तपासायला दार बंद करून खालच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे.

साथीच्या वॉर्डाला स्वतंत्र एएचयू (हवा गाळून, थंड करून पुरवणारं यंत्र) आणि जादा एक्झॉस्टचा शाफ्ट (डक्ट वर नेण्याची उभी पोकळी) आत्ताच ठेवा. पूर्ण बाहेरची हवा घ्यायची वेळ आली की हवा थंड करणारी नेहमीच्या मापाची कॉइल दमट हवेत पुरत नाही, म्हणून कॉइल आधीच मोठी घ्या.

निर्जंतुक:
वरच्या दोघांनाही +१. आता बेसिन. जास्त बेसिनं म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज सोडा. कमी वापरलेल्या नळात पाणी साचतं आणि २५ ते ४५ अंशांत लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढतो. गरम पाणी ६० अंशांवर साठवा, फिरून परत येणारं ५० च्या खाली जाऊ देऊ नका, मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळणारा) नळाला चिकटून घ्या. पुढेमागे लागेल म्हणून सोडलेले बंद पाइपचे तुकडे नकोत.

नळाची धार बेसिनच्या निचऱ्याच्या जाळीवर थेट पडता कामा नये. जाळीखालच्या ट्रॅपमधल्या (पाणी अडून राहणाऱ्या वाकड्या पाइपमधल्या) चिकट थरात स्यूडोमोनाससारखे जिवाणू राहतात, धार पडली की शिंतोडे मीटरभर उडतात. म्हणजे शेजारच्या ओट्यावर भरून ठेवलेल्या इंजेक्शनवरसुद्धा. जाळी बाजूला असलेलं, ओव्हरफ्लोचं भोक नसलेलं खोल बेसिन घ्या. नळाच्या तोंडापासून तळापर्यंत किमान २५ सेंमी अंतर ठेवा. औषधांचा ओटा मीटरभर लांब ठेवा, नाहीतर मधे आडोसा घाला. उरलेलं सलाइन आणि चहा ओतायला वेगळं सिंक द्या. ते दिलं नाही तर सगळं हात धुण्याच्या बेसिनातच जातं आणि जिवाणूंना खाद्य मिळतं.

सिंगल रूमला दाराजवळ, आत शिरताच दिसेल असं एक पुरे.

रेषा:
फारच उपयोगी. मजल्याची उंची ३.६ मीटर धरली आहे, चालेल का?

झोत:
नाही. बेरीज करा: खोलीची मोकळी उंची २.७, बीम ०.६, इन्सुलेशनसकट डक्ट ०.५, केबल ट्रे आणि ऑक्सिजन व आगीच्या पाण्याच्या लाइन ०.२५, फ्लोरिंग आणि सीलिंग ०.१. झाले ४.१५. म्हणून ४.२ च्या खाली उतरू नका. ऑपरेशन थिएटरच्या मजल्यावर मोकळी उंचीच ३ मीटर लागते, तिथे ४.५.

कोनाडा:
उंची ठरली की एक खोली पुठ्ठा आणि प्लायमध्ये खऱ्या मापात उभी करा. खरी खाट आणि सलाइनचा स्टँड आत न्या, पाच जणांना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून देण्याचा उपचार) करून पाहायला सांगा. सफाई कर्मचाऱ्यालाही बोलवा. मॉप कुठल्या कोपऱ्यात शिरत नाही ते तोच दाखवेल. त्यानंतरच पाइपच्या जागा फायनल करा.