छोट्या मुलांना ‘ज्वालामुखी’ दाखवणं बंद करूया का?

मातीतला_हात
माझा राग प्रयोगांवर नाहीये हे आधीच सांगतो. राग आहे तो तमाशावर. विज्ञान दिवस आला की तोच मातीचा डोंगर, तोच खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फस्स करून वर आलं की टाळ्या आणि फोटो, आणि ओतणार कोण तर मोठं माणूस, मुलं नुसती बघणार. मुलीला घरी विचारलं काय शिकलीस, तर म्हणाली, “ज्वालामुखीच्या पोटात सोडा असतो.” खऱ्या ज्वालामुखीत खाली वितळलेल्या खडकात वायू विरघळलेले असतात, तो खडक वर येताना दाब कमी होतो आणि ते वायू सुटतात. सोड्याचा तिथे काय संबंध?

त्यापेक्षा एक घेवड्याचं बी द्या ना मुलांच्या हातात. आम्ही काचेच्या ग्लासात ओला टिपकागद लावून, काच आणि कागदाच्या मधे बी अडकवलं. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं तेव्हा मुलीने ग्लास आडवा करून ठेवला, स्वतःच्या मनाने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर मुळाचं टोक काटकोनात वळून खाली निघालेलं. ती काचेवरून बोट फिरवत त्या वळणामागे गेली आणि विचारलं, “अंधारात त्याला कसं कळलं खाली कुठे आहे ते?” हा प्रश्न डोंगर फसफसून येत नाही हो. (मुळाच्या टोकाजवळच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला बसतात, त्यावरून झाडाला दिशा कळते. हे मी नंतर वाचून तिला सांगितलं.)

दुसरीची_बाई
दादा, तुमच्या घरी एक मूल आणि एक ग्लास आहे. माझ्याकडे 42 मुलं आणि 35 मिनिटांचा तास. तो डोंगर फसफसला तेव्हा वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा उभा राहून “परत करा” ओरडला, ते मी वाया गेलं म्हणणार नाही.

आणि बियांचंही केलंय मी. एक कुंडी खिडकीत, एक बंद कपाटात. आठव्या दिवशी कपाटातलं रोप खिडकीतल्याच्या जवळजवळ दुप्पट उंच! पिवळट, पण उंच. सगळ्या वर्गाने वहीत काय लिहिलं? “अंधारात रोप चांगलं वाढतं.” पुढचे दोन तास मी ते पुसत बसले. हाताने करून डोक्यात बसलेलं चुकीचं, पुस्तकातल्या चुकीपेक्षा जास्त घट्ट बसतं. त्यामुळे करून शिका करून शिका हे ऐकलं की आता मला जरा धास्तीच वाटते.

मातीतला_हात
बाई, पण मुलं चुकली कुठे? पट्टी लावली तर ते रोप लांबच होतं की. ‘उंच’च्या जागी ‘चांगलं’ लिहिलं एवढीच गडबड. तिथेच विचारायचं, देठ कुठलं जाड, पानं कुठली मोठी, आणि कपाटातलं आणखी दोन आठवडे तसंच ठेवायचं. बियांच्या डाळिंब्यांत साठवलेलं अन्न आहे तोवर ते उजेड शोधत ताणत राहतं, अन्न संपलं की मान टाकतं. तुम्ही आठव्या दिवशी थांबलात, रोपाची गोष्ट अर्ध्यात राहिली.

काचेची_बरणी
मी बाईंच्या बाजूने. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती, वर ग्लास उपडा, ती विझली की पाणी वर चढतं. हे करून “ऑक्सिजन संपला, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली” असं सांगणारे किती मोठे लोक बघितलेत! एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा, पाणी आणखी वर जातं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे ना? मुख्य कारण म्हणजे ज्योतीने तापलेली हवा पसरते, थोडी कडेने बुडबुडे होऊन निसटते, आणि विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आक्रसते. म्हणजे प्रयोग करूनही पिढ्यान् पिढ्या चुकीचंच शिकल्या. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये हेच मांडलं होतं, की नवशिक्याला मोकळं सोडून भागत नाही, पायरीपायरीने दाखवावं लागतं.

मातीतला_हात
मोकळं सोडा असं मी कुठे म्हटलं? आणि ती चूक पकडली कशाने, तुमच्या त्या तीन मेणबत्त्यांनीच ना. मोठ्यांनी शेजारी उभं राहायचं, फक्त उत्तर आधी फोडायचं नाही.

पानामागे
वेगळा मुद्दा, पण मला फार टोचतो. या ‘करून बघा’पायी जिवंत किडे बरणीत येतात. आमच्या शाळेत लिंबाच्या पानावरच्या अळ्या आणल्या होत्या, शुक्रवारी झाकण लावलं, सोमवारी पानं वाळलेली आणि अळ्या मेलेल्या. मुलं रडली, आणि कुणी त्यांच्याशी धड बोललंही नाही. त्या अळीला लिंबाच्या जातीचीच पानं लागतात, तीही रोज ताजी, दुसरं काही घातलं तर उपाशी मरते. जमणार नसेल तर मुलांना झाडाशी न्या. लहान असताना ती अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. भिंगातून पानावरच बघू दे, दर दोन दिवसांनी त्याच फांदीपाशी जाऊ दे. भिंग उन्हात धरून सूर्याकडे बघायचं नाही हे मात्र आधी बजावून.

दुसरीची_बाई
फांदीचं पटलं, हजेरीनंतर पाच मिनिटांत होण्यासारखं आहे. कपाटातलं रोपही यंदा तीन आठवडे ठेवीन. पण सोडा-व्हिनेगर मी सोडणार नाही. डोंगर नको तर नको, बाटलीच्या तोंडाला फुगा लावेन, आत वायू तयार होतो हे दिसेल तरी.

मातीतला_हात
फुगा चालेल की! फक्त सोडा पडायच्या आधी प्रत्येकाला वहीत चित्र काढू द्या, फुग्याचं काय होईल असं त्याला वाटतंय ते. आणि सोडा मुलांच्याच हातून पडू दे.