नस, शीर, मज्जातंतू की चेता?

कोथरूडकर: आईची बोटं बधिर होतात म्हणून काल दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मनगटाशी नस दबलीय." आईने लगेच विचारलं, "म्हणजे रक्त अडकतंय का?" तेव्हा ते म्हणाले, "नाही हो, मज्जातंतू." तर आई म्हणे, मज्जा हाडात असते! लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिसरंच, चेतापेशी. बरोबर काय?

नारायणपेठी मास्तर: आईंचं काय चुकलं? सलाईन लावताना 'नस सापडत नाही' म्हणतो ती रक्ताची, आणि दबते ती वेगळी. बोलण्यात दोन्हींना नसच. मज्जा शब्द बहुधा दिसण्यावरून आला असावा. पाठीच्या कण्यातला मऊ गर हाडातल्या मगजासारखा, म्हणून मज्जारज्जू, आणि त्यातून निघणारे ते मज्जातंतू.

खरा घोळ स्नायूचा आहे. आपल्याकडे स्नायू म्हणजे दंडात फुगतो तो, पण बंगालीत स्नायुतंत्र म्हणजे आपली मज्जासंस्था! सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू मोजलेत, ते सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांसारखे. गंमत म्हणजे ग्रीक 'न्यूरॉन'चाही जुना अर्थ कंडरा, दोरी असाच. वाल्डायर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८९१ साली तो शब्द चेतापेशीला लावला. एकाच दोरीला आपण मांसाकडे ओढलं, बंगाल्यांनी मेंदूकडे.

आगाऊ: चेतापेशी चालेल, मला पुस्तकातला 'आवेग' (चेतापेशीतून धावणारा निरोप) खटकतो. आवेगाने बोलणं कमी-जास्त असतं. इथे तसं नाही. पेशी स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलीव्होल्टने ऋण असते. एका मर्यादेपलीकडे डिवचलं की पापुद्र्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत. हा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. झाला तर पुरता, नाहीतर नाहीच. चिमटा जोरात काढलात तर आवेग मोठा होत नाही, लागोपाठ जास्त येतात. म्हणून मी 'स्पंद' म्हणेन.

कोथरूडकर: म्हणजे वायरीतून वीज जाते तसंच ना?

आगाऊ: नाही. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर पळत्या दिव्यांची माळ बघितली असेल. दिवे जागचे हलत नाहीत, पेटणं पुढे सरकतं. तसं. जाड, मायलिनचं (चरबीयुक्त थराचं) वेष्टण असलेल्या तंतूत पेटणं टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातं, सेकंदाला १०० मीटरच्याही वर. बिनवेष्टणाच्या बारीक तंतूत मीटरभरच. म्हणून उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी नुसतं 'लागलं' कळतं, ठणका मागाहून येतो.

नारायणपेठी मास्तर: स्पंद नको. तो हृदयाने आधीच घेतलाय. आवेग पुस्तकात रुळलाय, राहू दे.

कोथरूडकर: आईला सांगितलं, ही रक्ताची नस नाही, निरोपाची आहे. ती म्हणाली, "मग डॉक्टरांनी तसं म्हणायला काय झालं होतं?"