ईयू४ मध्ये मराठे: कुठला सरदार कुठल्या फौजेवर, आणि युद्धाला आपलं संगीत कसं लावायचं?

घाटमाथा
मंडळी नमस्कार, युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ (ईयू४) या इतिहासावरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये मराठे घेऊन मुघलांशी लढतोय. ४० हजारांची एकच फौज फिरवतोय पण शत्रूच्या मुलखात शिरलं की ॲट्रिशनने (लढाईविना होणाऱ्या झिजेने) माणसं गळायला लागतात, आणि किल्ल्याला वेढा घालून बसलो की मुघलांची भलीमोठी फौज येऊन वेढा उठवते. सरदार तीन आहेत, एकाचा शॉक (हातघाईचा मारा) ५, दुसऱ्याचा फायर (बंदुका-तोफांचा मारा) ४, तिसऱ्याचा सीज (वेढ्याचं कसब) ३. कुणाला कुठे ठेवू? मराठे म्हटल्यावर घोडदळ हवंच म्हणून अर्ध्याहून जास्त घोडदळच ठेवलंय.
दुसरं म्हणजे गेमचं संगीत सुंदर आहे, वाद नाही, पण दख्खनमध्ये रणधुमाळी चाललीये आणि मागे युरोपियन ऑर्केस्ट्रा, मन लागत नाही. युद्ध लागलं की तुतारी, नगारा, ढोल-ताशा आणि एरवी सनई असं करता येईल का? आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर परत जाता येत नाही तो प्रकार) चालू आहे, त्यात मिळणाऱ्या अचीव्हमेंट्स बंद पडायला नकोत.

किल्लेदार_
आधी घोडदळाचं बघ. साधारणपणे ५० टक्क्यांच्या वर घोडदळ गेलं की गेम दंड लावतो, वर पायदळाची पलटण १० डुकाट्सला (गेममधलं चलन) आणि घोडदळाची २५ ला, म्हणजे पैसेही जातात आणि लढाईही. संताजी-धनाजींचा गनिमी कावा डोक्यात ठेवून खेळावंसं वाटतं ते मला समजतं, मलाही वाटतं, पण त्यांनी समोरासमोरच्या लढाया शक्यतो टाळल्या, आणि या गेममध्ये लढाई ही समोरासमोरच होते.
लढाईत तीन दिवस फायरची फेरी, तीन दिवस शॉकची, असं आलटून पालटून चालतं. घोडदळाचा मार शॉकमध्ये. पण १७०० च्या आसपासच्या मिलिटरी टेकला (लष्करी तंत्रज्ञानाच्या पातळीला) फायरचं वजन फार वाढलेलं असतं, मागच्या रांगेत तोफा उभ्या असतील तर फायर ४ वाला सरदार शॉक ५ वाल्याला भारी पडेल. पानिपतला १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि कवायती पायदळाने सकाळी काय केलं ते आठव. तेव्हा फायरवाला मुख्य फौजेवर ठेव.
आता ॲट्रिशन. ४० हजार एकाच प्रांतात कोंबले की सप्लाय लिमिट (तो प्रांत किती फौज पोसू शकतो ती मर्यादा) ओलांडणारच. दोन फौजा करायच्या. एक वेढ्याची फौज, तोफा भरपूर, सरदार सीज ३ वाला, कारण वेढ्यासाठी गेम जो फासा टाकतो त्याच्या दानात त्याचे पॉइंट थेट मिळवले जातात. दुसरी शेजारच्या प्रांतात, हाकेच्या अंतरावर, फायरवाला घेऊन. मुघल वेढ्यावर आले की ती लगेच आत घालायची. किल्ला निवडताना डोंगरातला शक्यतो टाळ, कारण वेढा घालून तिथे बसलास तर लढाईत हल्लेखोर तूच धरला जातोस आणि फाशाच्या दानावर डोंगराची वजा २ तुलाच बसते, हे लक्षात ठेव. म्हणून शक्य असेल तेव्हा आपल्या किल्ल्यावर त्यांना बसू दे आणि मग वेढा फोडायला जा, तेव्हा दंड त्यांना.

घाटमाथा
हे माहीतच नव्हतं, आपल्या किल्ल्यावर बसू द्यायचं ते. शॉक ५ वाल्याला मग काढून टाकू का?

किल्लेदार_
अजिबात नको. नवीन सरदाराला ५० मिलिटरी पॉवर (गेममधले लष्करी पॉइंट) जाते आणि तो कसा निघेल ते आर्मी ट्रॅडिशनवर (फौजेच्या लढाऊ परंपरेच्या आकड्यावर) आणि नशिबावर. मर्यादेच्या वर सरदार झाले तरच जास्तीच्या प्रत्येकामागे महिन्याला १ पॉवर जाते, तेवढं तपास. त्याला छोटी फौज देऊन बंडखोरांवर पाठव.

पुणेरी_मॉडर
संगीताचं मी सांगतो, मी हेच केलंय. अचीव्हमेंट्सची काळजी नको, संगीत बदलल्याने चेकसम (गेमच्या फाइली बदलल्यात का ते ओळखायचा आकडा) बदलत नाही. नवीन मॉड (गेमला आपण जोडायचा बदल) बनव, त्यात म्युझिक नावाचा फोल्डर, आत गाणी ओजीजी फॉरमॅटमध्ये. एमपीथ्रीचं नुसतं शेवटचं एक्स्टेन्शन बदलून चालत नाही हां, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून रीतसर एक्सपोर्ट कर. मग दोन फाइली लागतात. ॲसेट फाईलमध्ये गाण्याचं नाव आणि ओजीजी फाईल यांची जोडी, आणि टेक्स्ट फाईलमध्ये ते गाणं कधी वाजावं. तिथे चान्समध्ये मॉडिफायर टाक, फॅक्टर शून्य, अट 'इज ॲट वॉर' नो. झालं, शांतता असताना नगाऱ्याची शक्यता शून्य. सनईला उलट, येस. टेक्स्ट फाईलला गेमच्या मूळ फाईलचंच नाव दिलंस तर मूळ गाणी यादीतून जातात, राहायला हवी असतील तर वेगळं नाव दे.
ताशाबद्दल एक. ताशाचा आवाज एवढा टोकदार असतो की लढाईचे आवाज आणि सूचनांची घंटी सगळं त्याखाली दबतं. रेकॉर्डिंगची पातळी आधी खाली आण. आणि खरं सांगू, अठराव्या शतकातल्या छावणीला नौबत, नगारा आणि शिंगच जास्त शोभतात, ढोल-ताशा ऐकला की मला थेट विसर्जनाची मिरवणूक दिसते.

घाटमाथा
करून पाहिलं, सनई वाजते पण नगारा युद्धातही वाजत नाहीये.

पुणेरी_मॉडर
दोन्ही फाइलींतलं नाव अक्षर न् अक्षर तेच आहे का बघ, आणि फाईलच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं असतील तर काढ. तेही ठीक असेल तर कंस मोज, बंद करायचा एखादा राहिला असेल.