कोणतं गाणं लागलंय, हे अ‍ॅपला विचारायचं का माणसाला?

वाटंवरचा_पाईक
कोजागिरीच्या येळंला तुळजापूरच्या रस्त्यानं चालत जाणाऱ्यांची केवढी गर्दी असती माहितच आहे सगळ्यांना. तिथं यंदा एक गोष्ट लई खटकली म्हणून लिहायलो. आराधी बाया गाणं म्हणायलेत, संबळ वाजायलाय, आणि एक चांगलं शिकलेलं पोरगं मोबाईल पुढं धरून शॅझम, म्हणजे लागलेलं गाणं ओळखायचं अ‍ॅप, लावून उभं. काहीच आलं नाही तर दोस्ताला म्हणतंय, "फेमस नाही वाटतं हे, चल." आरं बाबा, म्हणणारी मावशी तुझ्यासमोर उभी आहे की, तिला विचार ना! तिनं काय सांगितलं नसतं का? गाणं कुणाकडून आलं, सासूकडून का माहेरहून, सगळं सांगितलं असतं अन वरून आणखी एक म्हणून दाखवलं असतं.
माझं म्हणणं एवढंच की या अ‍ॅपांनी विचारायची सवयच घालवली. दुसरी गोष्ट, आकाशवाणीवर गाणं लावताना गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचे. परभणी केंद्र ऐकत मोठे झालेल्यांना गीतकारांची नावं अजून तोंडपाठ आहेत. अ‍ॅपवर ठळक काय दिसतं तर गायक आणि अल्बम. लिहिणारा गेला कुठं?

लातूर_मेनरोड
पाईक भाऊ, मावशीचं पटलं, बाकीचं काही पटलं नाही. विचारायचं कुणाला? लातूर-संभाजीनगर गाडीत रात्री ड्रायव्हरनं एखादं जुनं गाणं लावलं आणि आपण पाठीमागून "मामा, हे कोणतं गाणं" म्हणून ओरडलो तर पूर्ण गाडी उठून बसंल. हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणतो पेनड्राईव्ह पोरानं भरून दिलाय. आधी लोकांना लई माहिती असायची हे आपलं उगं म्हणायचं, अर्धे लोक ठोकून द्यायचे आणि आपण तेच धरून बसायचो, किशोरचं गाणं रफीच्या नावावर खपलेलं मी स्वतः ऐकलंय.
आणि ही गरज मोबाईलनं पैदा केली नाही. शॅझम इंग्लंडमध्ये २००२ साली सुरू झालं तवा अ‍ॅप नव्हतंच. २५८० नंबर फिरवायचा, फोन स्पीकरकडं धरायचा, ३० सेकंदांनी कॉल आपोआप कट, मग गाण्याचं नाव मेसेजनं यायचं. अ‍ॅप आलं २००८ ला. शेजाऱ्याला विचारून भागत असतं तर लोकांनी पैसे मोजून नंबर कामून फिरवला असता?

नांदेडची_मी
माणसाला विचारा म्हणणारे सगळे पुरुषच असतात हे बघून घ्या एकदा 😀 स्टँडवर रसवंतीवाल्याच्या स्पीकरवर छान काहीतरी लागलंय, मी अनोळखी माणसाला जाऊन विचारू? लगेच चार डोकी वळतात, आणि गाण्याचं नाव सांगता सांगता "तुम्ही कुठल्या" सुरू होतं. अ‍ॅपला मी कुठली, कुणाची, याच्याशी काही घेणं नाही. मला जुन्या कव्वाल्यांचा नाद लागला तो असाच, उरुसातल्या दुकानात लागलेलं उभ्या उभ्या शोधून, घरी येऊन हेडफोनवर ऐकून. कुणाला विचारत बसले असते तर राहिलंच असतं.

सर्किट_जालना
हे दोघं भांडायलेत पण त्या पोराचं नेमकं काय चुकलं हे कुणी सांगितलंच नाही. ते यंत्र तिथं चालणारच नव्हतं.
शॅझम गाणं ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजाचा आलेख काढायचा, कोणत्या क्षणाला कोणती फ्रीक्वेन्सी जोरात आहे ते बघायचं, त्यातले फक्त ठळक ठिपके ठेवायचे आणि बाकीचं फेकून द्यायचं. राहिलेलं चित्र चांदण्यासारखं दिसतं. मग दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या लावून, त्यांच्या फ्रीक्वेन्सी आणि मधलं अंतर याचा एक आकडा बनवायचा आणि असे आकडे शॅझमकडं जमा असलेल्या रेकॉर्डिंगच्या साठ्यात एका ओळीनं कुठं सापडतात ते शोधायचं. शॅझमच्याच एव्हरी वँगनं २००३ च्या पेपरात हे सगळं उघड मांडलंय. ठळक ठिपकेच धरल्यामुळं लग्नातल्या गोंधळात, भांड्यांच्या आवाजात सुद्धा गाणं सापडतं, ही करामत खरीच आहे. पण त्याच गायिकेनं तेच गाणं आज परत म्हटलं तर सूर-वेळ थोडी तरी हलतीच, मग ठिपके जुळत नाहीत. डीजेनं स्पीड लई वाढवली तरी बऱ्याचदा तेच होतं. गुणगुणून शोधायची सोय गूगलनं २०२० मध्ये दिली, ती चालीवर चालती, पण तिलाही मुळात ते गाणं साठ्यात लागतंच.
म्हणजे "सापडलं नाही" याचा अर्थ फक्त आमच्याकडं हे रेकॉर्डिंग नाही, एवढाच. त्या पोरानं अर्थ लावला की गाण्यालाच किंमत नाही. दोष अ‍ॅपचा नाही, डोक्याचा आहे.

वाटंवरचा_पाईक
सर्किट सर, माझंच म्हणणं तुम्ही शास्त्रात बसवून दिलं. डोकं असं झालं कशानं? जे यादीत नाही ते नाहीच, असं रोज बघून बघूनच ना. नांदेडच्या ताईचं मात्र मान्य, ते आमच्या ध्यानात येत नाही.

गोदाकाठ
जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव बायांकडून लाखाच्या वर ओव्या जमा केल्या, आता त्या परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाईटवर आहेत. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या सुद्धा आहेत तिथं, आवाजासकट, म्हणणारीच्या नावासकट, गावासकट. कुणीतरी ओसरीवर बसून विचारलं म्हणून हे झालं. आणि आज ते मी फोनवरच ऐकतो. त्यामुळं फोन का माणूस हे भांडणच मला कळंना.

लातूर_मेनरोड
मग सोपं आहे की. आराध्याची गाणी नीट रेकॉर्ड करा, ऑनलाईन वितरकाकडून गाण्याच्या अ‍ॅपांवर चढवा, बहुतेक वेळा शॅझमच्या साठ्यातही जातात. यादीत नाही म्हणून रडण्यापेक्षा यादीत घाला.

वाटंवरचा_पाईक
आणि नाव कुणाचं लागणार? जो स्टुडिओत जाऊन पैसे भरंल त्याचं. चार पिढ्या बायांनी म्हटलेलं गाणं उद्या स्क्रीनवर कुण्या बुलेटवाल्या गायकाच्या नावानं झळकणार, त्याचा फोटो, त्याचं लेबल. आज निदान "सापडलं नाही" असं तरी येतं, ते परवडलं. उद्या चुकीचं नाव सापडलं तर त्याला खोटं कोण म्हणंल, सगळे स्क्रीन दाखवतील.

सर्किट_जालना
गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहिता येतं. लिहीत नाहीत लोक, कारण रॉयल्टी.

नांदेडची_मी
अहो चढवणारे थांबलेत का तुमच्यासाठी? नवरात्र आलं की यूट्यूबवर बघा, पारंपरिक चालींवर नावं टाकून ढीग पडलेला असतो. तुम्ही शुद्ध राहायचं म्हणून मागं राहिलात तर तेच खरं धरलं जाणार. मावशीला विचारा, हो म्हणाली तर तिच्या नावानं, तिच्या गावाच्या नावानं टाका, पैसे आले तर तिला द्या. एडिटिंग मी करून देते.

वाटंवरचा_पाईक
विचारतो. पण ती म्हणणार, देवीचं गाणं आहे, माझं नाव कशाला. मग कुणाचं टाकायचं ते तुम्हीच सांगा.

लातूर_मेनरोड
मंडळाचं टाका. पण टाका.