तुमच्या भागातली 'ती' जागा कोणती? रस्त्यावरच्या अपघातांचे अनुभव

मी पुण्यात नऱ्ह्याला राहतो. रोज नवले पुलावरून जातो-येतो, आणि रोज आरशात मागे बघतो. मागून काय येतंय हे बघितल्याशिवाय ब्रेक दाबायचा नाही, ही इथली सवय. २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड गाडीने इथे कितीतरी गाड्या उडवल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी दोन अवजड गाड्यांच्या मधे कार चेपली, आग लागली, आठ जण गेले. मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा निघालो होतो. धूर लांबून दिसत होता, आणि घरून फोनवर फोन.

नवीन कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंत सलग उतार आहे. हे इथल्या चहावाल्यालाही पाठ आहे. तुमच्याकडेही अशी एखादी जागा असेलच, जी गावाला आधी कळते आणि पाटी नंतर लागते. लिहा. फक्त वारलेल्यांची आणि घरच्यांची नावं नकोत.

निवृत्त एसटी चालक, खोपोली

उताराचं काय होतं ते सांगतो. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो, पाय दाबला तरी गाडी धरत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकला हवाही भरत नाही. पेपरात येतं 'ब्रेक फेल'. ब्रेकने कुठवर पुरायचं?

आमच्या उस्तादाने शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायचो आणि मग दुसरा गिअर. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे त्याच देवळाजवळ झांजपथकाची बस दरीत गेली. १३ जण, बहुतेक पोरंच. रात्रभर वाजवून दमलेली, झोपलेली. मी गेलो होतो बघायला. जायला नको होतं.

महाड

आमची जागा आता उरलेलीच नाही. २ ऑगस्ट २०१६, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल. त्या रात्री मी साडेनऊच्या सुमारास त्यावरूनच घरी आलो. पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखे, नदीचा आवाज गाडीत ऐकू येत होता. पूल पडला तो साडेअकराच्या आसपास. दोन एसटी आणि इतर गाड्या गेल्या. सकाळी लोक काठावर उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस खाली समुद्राच्या बाजूला शोध चालू होता.

नवा पूल १६५ दिवसांत बांधला. विक्रम म्हणून कौतुक झालं, ते खरंच आहे. पण १६५ दिवसांत होणारं काम आधी का झालं नाही, हे तेव्हा इथे प्रत्येकाच्या तोंडी होतं. दोन वर्षांनी, २८ जुलै २०१८ ला, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली. ३० माणसं. दोर लावून खाली उतरली ती ट्रेकिंग करणारी आमच्या भागातली पोरं. त्यातला एक माझ्याकडे कामाला आहे. तो घाटाविषयी सगळं सांगतो. त्या दिवसाविषयी नाही.

मेहकर

आमच्याकडे घाट नाही, वळण नाही, खड्डा नाही. तरी माणसं मरून राहिली. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हा आम्ही हौसेने फिरायला गेलो होतो. सरळ काँक्रीट, १२० चा वेग, बाजूला ना झाड ना टपरी. अर्ध्या तासाने डोळे उघडे असतात पण बघत कुणीच नसतं.

१ जुलै २०२३ ची पुण्याकडे जाणारी खासगी बस सिंदखेडराजाजवळ दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ जण जळाले. बस डाव्या अंगावर पडली, म्हणजे दारच खाली. जे वाचले ते काच फोडून. तेव्हापासून स्लीपरमध्ये चढलो की मी आधी हातोडी शोधतो. बऱ्याच गाड्यांत हातोडीची फक्त खोबण असते. एकदा विचारलं तर क्लीनर म्हणाला, "भाऊ, लोक चोरून नेतात." आता स्वतःचीच नेतो. बायको हसते.

वाळवा तालुका

वरचे सगळे अपघात पेपरात आले. आमचे येत नाहीत, कारण एकेक माणूस जातो.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रेडियम नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. ड्रायव्हरने गाणी अशी लावलेली की हॉर्न ऐकायचा प्रश्नच नाही. पण चालती ट्रॉली त्यातल्या त्यात बरी. पंक्चर होऊन उभी असते ती माणूस खाते. मागच्या चाकांना उटी म्हणून दगड लावतात, ड्रायव्हर जॅक आणायला जातो आणि अंधारात तो काळा ढीग उभा राहतो.

माझा चुलतभाऊ दूध घालून येत होता. मोटरसायकल, समोरून कारचा अप्पर, म्हणजे वरचा प्रखर झोत, डोळ्यांवर. ट्रॉली त्याला दिसलीच नसणार, ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. किटलीचं झाकण पंचवीस फुटांवर उसात सापडलं, ते काकूंनी अजून ठेवलंय. पुढे पंचनामा, दावा, तारखा. 'मयताने हेल्मेट घातले नव्हते' हे वाक्य वहिनीने इतक्यांदा ऐकलं की एकदा तिनेच वकिलाला विचारलं, "आणि ट्रॉलीनं काय घातलं होतं?"

अजून एक. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. पुढच्या आठवड्यात त्यावर कुणीतरी आपटतो.

देवळा

२८ जानेवारी २०२०, मेशी फाटा. एसटी आणि रिक्षा धडकल्या आणि दोन्ही गाड्या रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या. २६ जण. नुसती टक्कर झाली असती तर इतके गेले नसते, विहिरीने घेतले. आमचीही विहीर डांबरीपासून दहा पावलांवर आहे. विहीर आधीची, रस्ता रुंद होत होत तिच्याकडे आला. त्या आठवड्यात वडिलांनी कांद्याच्या पैशातून कठडा बांधून घेतला. कुणी सांगायला आलं नव्हतं.

सोलापूर रोड

थोडक्यात लिहिते. अपघात दिसला तर थांबा, १०८ लावा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलमच आलंय. मला हे माहीत नव्हतं. एका रात्री मी आणि नवरा एका मुलाला घेऊन गेलो, तर काउंटरवर आधी आमचा आधार नंबर मागितला. वाद घालण्यात दहा मिनिटं गेली. मुलगा वाचला, म्हणून हे लिहू शकतेय.

नऱ्हे

वाळव्याच्या दादा, ते दगड तुम्ही उचलता का?

वाळवा तालुका

उचलतो की. डिकीत रेडियमचा रोलही असतो. उभी ट्रॉली दिसली की दोन पट्ट्या चिकटवतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा चिकटवत होतो तेव्हा ड्रायव्हरला वाटलं मी आरटीओचा माणूस. ट्रॉली तिथेच सोडून उसात पळाला. त्याला बाहेर काढायला अर्धा तास गेला.